पुढचा जोड

दहाचाकी ट्रकला नवा टायर आला की तो पुढेच बसतो. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण कुणी मोडतही नाही. पुढे एका बाजूला एकच चाक. ते चालत्या गाडीत फुटलं तर स्टेअरिंग असा हिसका मारतं की भल्याभल्यांच्या हातात राहत नाही. मागे एका बाजूला चार चाकं असतात, त्यातलं एक गेलं तरी बाकीची तीन गाडीला सांभाळून कडेला नेतात. म्हणून नवा जोड पुढे. त्याची नक्षी अर्ध्यावर आली की तो हाउसिंगला जातो, म्हणजे ज्या एक्सलला इंजिनाची ताकद पोचते तिथे. तिथून रिमोल्ड होऊन, म्हणजे वर नवी नक्षी चढवून, डमीला, म्हणजे नुसतं वजन पेलणाऱ्या शेवटच्या एक्सलला. आणि जो कुठेच लावायच्या लायकीचा उरला नाही तो स्टेपनी. अडचणीला उपयोगी पडावा म्हणून जो सोबत ठेवायचा, तोच गाडीतला सगळ्यात कामातून गेलेला टायर असतो. ट्रक लाइनीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

मी निफाड तालुक्यातला. बरीच वर्षं कांद्याच्या गाड्या चालवल्या. लासलगावला, पिंपळगाव बसवंतला भरायचं आणि वाशीला उतरायचं, नाहीतर धुळे, अकोला, नागपूर, रायपूर करत थेट कोलकात्याकडे. कांदा थांबू देत नाही. ताडपत्रीखाली गरमी धरली की गोण्यांना पाणी सुटतं, आणि गाडी पोचेपर्यंत बाजारात भाव काय असेल ते देवच जाणे. त्यामुळे वाटेत टायर फुटला की व्यापाऱ्याचा फोन, शेठचा फोन आणि जॅक, तिन्ही एकदमच हाताळावे लागायचे.

आमच्या शेठकडे टायरची एक लांबडी वही होती. प्रत्येक टायरचा कंपनीचा नंबर, कुठल्या गाडीला, कुठल्या जागी, किती किलोमीटरला चढला, कधी उतरला. शिवाय नवा टायर दुकानातून आला की तापल्या लोखंडाने त्याच्या बाजूवर गाडीचा नंबर डागायचे, गुरं डागतात तसा. कारण उघड होतं. दूरच्या फेरीत ड्रायव्हर नवा टायर विकून जुना चढवेल आणि फरक खिशात घालेल, ही भीती. ती अगदीच हवेतली नव्हती. असे उद्योग करणारे ढाब्यावर भेटायचे आणि दोन पेग झाले की फुशारकीने सांगायचेही. पण त्यांच्यामुळे बाकीच्यांनाही नियम लागू झाला: फुटलेला टायर परत आणून दाखवायचा. तुकडे झाले असले तरी तुकडे आणायचे. परतीला कधी कोळसा, कधी तांदूळ भरलेला असायचा, आणि त्याच्यावर ताडपत्रीच्या दोरीला करपलेल्या रबराचा तो सापळा बांधलेला. हजारेक किलोमीटर तो वास वाऱ्याबरोबर केबिनमध्ये येत राहायचा.

शेठ टायर वहीत बघायचा, मी बुडाखाली. भांडणाचं मूळ तिथेच. वहीप्रमाणे टायरचं आयुष्य शिल्लक असायचं, कारण मागचा तसलाच टायर तेवढा चालला होता. पण मागचा टायर हिवाळ्यात वाशीच्या लाइनीला चालला होता की मे महिन्यात अकोल्याच्या डांबरावर, ते वहीत कुठे लिहिलेलं? "अजून दहा हजार जाईल," हे शेठचं ठरलेलं वाक्य. ते दहा हजार किलोमीटर त्याच्या गादीवरून जाणार नव्हते.

टायर संपत आला हे डोळ्यांच्या आधी हाताला आणि कानाला कळतं. सकाळी गाडी सुरू करण्याआधी टॉमी, म्हणजे टायर काढायची लोखंडी दांडी, घेऊन एक चक्कर मारायची आणि प्रत्येक टायरवर एकेक ठोका द्यायचा. भरलेला टायर टॉमी उलट फेकतो आणि ठणठणीत वाजतो. हवा उतरलेला असेल तर भद्द आवाज येतो आणि टॉमी जागीच बसते. जोडीतला आतला टायर दिसत नाही, तो फक्त आवाजानेच कळतो. पुढच्या टायरला फुगा येऊ लागला की स्टेअरिंगमध्ये एक बारीक थरथर येते, साठच्या आसपास येते आणि सत्तरला जाते. नवखा माणूस म्हणतो रस्ता खराब आहे. टायर एकाच कडेने खरवडला जात असेल तर अलाइनमेंट गेली. मधूनच झिजत असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांनी झिजत असेल तर हवा कमी. हे सगळं तळहात फिरवूनच कळतं. नक्षीच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं. मोटारीला, ट्रकला कायद्याने तेवढं तरी लागतंच. आमच्या गाडीच्या डमीवर ते उंचवटेसुद्धा पुसले गेलेले मी पाहिलेत. टायरचा पार गोटा झालेला, आणि त्यातून एखादी तार डोकावत असलेली.

टायर बहुतेक वेळा खिळ्याने मरत नाही, गरमीने मरतो. हवा कमी असली की बाजूची भिंत दर फेऱ्याला दुमडते आणि उलगडते. भरल्या गाडीत हे तासन्‌तास चाललं की आतले थर तापून एकमेकांपासून सुटतात. मागच्या जोडीत आतला टायर हळूहळू बसत जातो, बाहेरच्यावर दोघांचं वजन येतं, दोघं एकमेकांना घासायला लागतात. वेळेवर कळलं नाही तर धूर निघतो, आणि धुरानंतर जाळ. जोडीत दगड अडकला तरी तेच. तो आधी दोन्ही भिंती कापतो आणि मग सुटून मागच्या गाडीची काच घेतो. म्हणून चहाला थांबल्यावर आधी वाकून जोडीत बघायचं, मग चहा. तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून ती कमी करणारे महाभागही भेटतात. गार झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होतो आणि पुढच्या टप्प्याला फुटतो.

एकदा मे महिन्यात बाळापूरच्या अलीकडे रात्री डाव्या बाजूचा आतला टायर गेला. नेहमी आतलाच जातो, आणि त्याच्यासाठी आधी बाहेरचा चांगला टायर उतरवावा लागतो. तेव्हा तो रस्ता म्हणजे नुसती खड्ड्यांची रांग होती. पुढे २०२२च्या जूनमध्ये त्याच महामार्गाच्या अमरावती-अकोला भागात ७५ किलोमीटर डांबरीकरण अखंड करून गिनीजमध्ये नाव गेलं, ती बातमी आम्ही ढाब्यावर मोठ्याने वाचली होती. माझ्यासोबत क्लीनर म्हणून नवीन पोरगं होतं, येवल्याकडचं, अंगाने काटकुळं पण हट्टी. मी मागे झाडाची फांदी टाकली, दगड ठेवले, आणि जॅकखाली लाकडाचा ओंडका घ्यायला गेलो. साइडपट्टीचा मुरूम वरून टणक दिसतो, पण भरल्या गाडीचं वजन आलं की जॅक आत घुसतो आणि गाडी कलते.

तोवर पोराने पान्याला पाइप लावला होता आणि त्यावर उभं राहून उड्या मारत होतं. नट हलेना. पुन्हा उडी, पुन्हा उडी. "मामा, गंजलाय नट, तुटंल आता." मी टॉर्च मारली. नट गंजला नव्हता. आमच्या त्या जुन्या गाडीला डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे होते. पुढे धावताना चाकाच्या फिरण्याने ते सैल पडू नयेत म्हणून. पोरगं जीव खाऊन नट आवळत होतं. मी पाना दुसऱ्या बाजूने लावून दिला, त्यावर एक पाय टाकला आणि नट कुरकुरत सुटला. पोराने नटाकडे असं पाहिलं, जणू नट आपल्याशी खोटं बोलला. नट असे चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, उचलल्यावर चाक फिरतं. हेही त्याला त्याच रात्री कळलं. बाहेरचं चाक उतरवून, आतलं ओढून, स्टेपनी आत सारून, पुन्हा बाहेरचं चढवून समोरासमोरचे नट आवळत आणेपर्यंत पहाटेची गार हवा सुटली होती. एवढं झाल्यावरही काम संपत नाही. चाक बसवलं की शंभरेक किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळावेच लागतात, कारण डिस्क जागेवर बसली की ते थोडे ढिले पडतात. शेगाव फाटा, अकोला, कुठलंही गाव असो, झोप कितीही आलेली असो, हे चुकवायचं नाही.

स्टेपनी कामाला लागली म्हणजे आता मागे काही नाही. पहिलं दुकान दिसेल तिथे दुसरा टायर तयार करून घ्यायचा. महामार्गाच्या कडेला मी ज्याच्याकडे जायचो तो केरळचा होता, सगळे त्याला चेट्टा म्हणायचे. देशातलं बहुतेक रबर त्यांच्याकडच्या बागांतून येतं, म्हणून की काय, पण टायरच्या बाबतीत त्याचा शब्द मी कंपनीच्या माणसापेक्षा वर धरायचो. नायलॉन टायर म्हणजे टायर, त्यात ट्यूब, ट्यूबखाली फ्लॅप, आणि हे सगळं डिस्कवर धरून ठेवायला बाजूला लोखंडी रिंग. हवा भरताना ही रिंग नीट बसली नसेल तर शंभर पाउंडाच्या जोराने सुटते आणि समोर जो असेल त्याला उडवते. या लाइनीत रिंगने माणसं मेलेली आहेत. चेट्टा चाक जमिनीवर पाडायचा ते रिंग खाली करून, भोवती साखळी गुंडाळायचा, लांब पाइपने हवा सोडायचा आणि स्वतः भिंतीआड जाऊन बिडी ओढायचा. पोरगं चाकाजवळ उकिडवं बसलं तर त्याला मल्याळममध्ये जी शिवी द्यायचा तिचा अर्थ विचारायची गरज पडली नाही.

रिमोल्डबद्दल लोकांच्या मनात उगाच राग आहे. रस्त्यात पडलेली काळी सालपटं बघून मोटारवाले म्हणतात, बघा, रिमोल्डचा पट्टा. त्यातली कितीतरी सालपटं नव्या टायरचीसुद्धा असतात, हवा कमी ठेवून पळवलेल्या. सांगाडा चांगला असताना, तार न दिसता, वेळेवर दिलेला टायर घासून, त्यावर तयार नक्षीचा पट्टा चिकटवून तो चेंबरमध्ये नीट शिजवला, तर तो मागे मस्त चालतो आणि नव्याच्या मानाने बराच स्वस्त पडतो. अडचण अशी की मालक टायर वेळेवर देत नाहीत. शेवटच्या धाग्यापर्यंत चालवतात, मग मेलेल्या सांगाड्यावर पट्टा चढवतात, आणि उडाला की शिव्या रिमोल्डवाल्याला. टायर आठ दिवस आधी उतरवला असता तर दोन टायरचं काम दिलं असतं. हे गणित मी शेठला अनेकदा सांगितलं. तो मान हलवायचा आणि वही मिटायचा.

क्लेमचं असंच. नवा टायर कमी किलोमीटरमध्ये फुगला तर दुकानदार कंपनीकडे पाठवतो, माणूस येऊन तपासतो, आणि दोष कारखान्याचा निघाला तर उरलेल्या नक्षीच्या हिशोबाने पैसे वळते होतात. दोष बहुतेक वेळा कारखान्याचा निघत नाही. "हवा कमी" किंवा "जादा वजन" असा शेरा येतो. आणि खरं सांगायचं तर जादा वजन असायचंच. २०१८च्या जुलैमध्ये सरकारने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, दहाचाकीचं गाडीसकट एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. वर्तमानपत्रांनी वाहतूकदारांना दिलासा वगैरे छापलं. आम्ही आधीपासून जे वाहत होतो त्यातलं थोडं कायद्यात बसलं, एवढाच त्याचा अर्थ.

याच काळात रेडियल आले. नायलॉनमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकावर एक फुल्या पडतील असे असतात. रेडियलमध्ये दोरे या काठापासून त्या काठापर्यंत सरळ आडवे आणि वरून पोलादी पट्टे. रेडियल कमी तापतो, जास्त चालतो, डिझेलही वाचवतो. पण त्याची बाजूची भिंत नाजूक, खाणीच्या रस्त्याला दगडाने कापली जाते, आणि कच्च्या वाटेवर अंदाधुंद भरलेल्या गाडीला जुने लोक अजून नायलॉनच बरा म्हणतात. एका एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीच लावू नये, दोघांची चाल वेगळी. आमच्याकडे लावलेले होते.

ट्रकमधून पार उतरलेला टायरही आमच्या भागात वाया जात नाही. साखर कारखान्याकडे उसाच्या ज्या टायरगाड्या जातात, बैलांच्या, त्यांना हेच टायर. नगर जिल्ह्यात हंगामात अशा गाड्यांची रांग ओलांडताना एका टायरवर डागलेला नंबर मला वाचता आला होता. आमच्याच एका विकलेल्या गाडीचा होता. बीडकडची दोन माणसं आणि दीड-दोन टन ऊस, ताशी चार किलोमीटर. त्या टायरला याहून चांगले दिवस आयुष्यात आले नसतील.

ट्रक सोडून मी सात सीटची टुरिस्ट गाडी घेतली. बँकेची आहे म्हणा, पण टायर माझे. शिर्डी, त्र्यंबक, मुंबई विमानतळ, आणि आता समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि २०२५च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा झाल्यावर नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर सलग झाले. लहान गाडीला १२०ची मुभा. खड्डा नाही, सिग्नल नाही, तापलेल्या सिमेंटवर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी. म्हणजे टायरला ज्याची भीती तेच सगळं. सुरुवातीच्या अपघातांनंतर परिवहन खात्याने चढतानाच टायर बघायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या गाड्यांना आत घेईनात. तिथे वाद घालणारे लोक बघण्यासारखे असायचे. तीस लाखांची गाडी, आणि टायर आमच्या डमीपेक्षा वाईट.

मोटारीचा टायर वाचता येतो, ही मला ट्रकनंतर मिळालेली चैन. माझ्या गाडीला १८५/६५ आर १५, पुढे ८८ एच. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचं, एच म्हणजे २१० किलोमीटर वेगापर्यंत तो टिकायचा. कॅरिअरवर बॅगा, आत आठ माणसं, मागे प्रसादाच्या पिशव्या घेऊन गाडी बसवणाऱ्यांनी या आकड्याची चारपट करून बघावी. आणि बाजूलाच चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. एका दुकानात मला चकचकीत नवा टायर दाखवला, किमतीत सूटही भरघोस. आकडा वाचला तर टायर तीन वर्षं गोदामात बसलेला. दुकानदार म्हणाला, "अहो, वापरलेला थोडीच आहे?" रबर न चालताही म्हातारं होतं, हे त्याला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

आता या गाडीवर महिन्यातले बरेच दिवस एक पोरगा असतो, सिन्नरचा. त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, टायर कधी बदलायचे ते तू ठरवायचं, मी फक्त पैसे देणार. तो हसला, मालक असं बोलतात आणि मग फोनवर किलोमीटर विचारतात, हे त्यालाही ठाऊक होतं. मी किलोमीटर विचारतो, नाही असं नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा मीच त्याला म्हणालो, बघ बाबा, आता बदलायचे असतील तर बदल. त्याने नखाने खाच चाचपली आणि म्हणाला, "काका, पावसाळ्याआधी बघू. आत्ता फुकट जातील."

वाद झाला तो वेगळाच. आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी, त्यामुळे पुढचे दोन आधी झिजतात. दोनच नवे घ्यायचे तर कुठे लावायचे? माझं सगळं आयुष्य सांगत होतं, पुढे. पोरगा म्हणाला, मागे. आणि पुढे जाऊन टायरवाल्याकडे लावलेला कंपनीचा तक्ताच दाखवला. ट्रकला भीती टायर फुटण्याची, मोटारीला ओल्या रस्त्यावर घसरण्याची. पुढची पकड सुटली तर स्टेअरिंगमध्ये कळतं, पाय उचलला की गाडी बरीचशी सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि कळेपर्यंत तोंड दुसरीकडे झालेलं असतं. म्हणून बरी नक्षी मागे. मी कसारा घाटात पावसात मोटारी उलट्या तोंडाच्या उभ्या पाहिलेल्या आहेत, ट्रक क्वचित. तरी मन मानेना. रस्ताभर हुज्जत घातली. "मग निर्णय माझा म्हणता तो काय फक्त कधी याचाच?" त्याने विचारलं.

मेच्या शेवटी तो मुंबईचं भाडं सोडून येताना नाशकात थांबला, दोन टायर घेतले, आकडा त्याच वर्षाचा आहे ना ते बघितलं, मागचे पुढे आणि नवे मागे लावून घेतले. बिलाचा फोटो माझ्या फोनवर आला. खाली लिहिलं होतं: अलाइनमेंट केलं, उद्या शिर्डीला पोचल्यावर नट परत आवळतो. मी पैसे पाठवून दिले.